खेळ नेमका अडतो कोठे?

दिवेलागणीच्या वेळेस हल्ली अनेक घरांत एक वाद हटकून ऐकू येतो. मुलगा दिवाणखान्यात टीव्हीसमोर गेम-कन्सोल घेऊन बसलेला असतो. खेळ ऐन रंगात येतो आणि पडद्यावरची माणसे एकाएकी जागच्या जागी थिजतात. क्षणभराने जोडणी तुटल्याची सूचना झळकते. "नेट गेलं!" अशी हाक उठते. आतल्या खोलीतून वडील उत्तर देतात, "गेलं कसं? इथं मालिका तर व्यवस्थित चालू आहे." मुलाला वाटते, वडिलांना यातले काही कळत नाही, वडिलांना वाटते, मुलाला खेळाखेरीज काही सुचत नाही. मग कोणी राउटरचे बटण दाबतो, कोणी कंपनीला नावे ठेवतो, कोणी नवा राउटर आणण्याचा बेत करतो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच खेळ पुन्हा अडतो.

गंमत अशी की, या वादात दोघेही खरे बोलत असतात. टीव्हीवरची मालिका इंटरनेटवरून येते तेव्हा यंत्र तिचा पुढचा काही भाग आधीच भरून ठेवते. मध्येच काही सेकंद प्रवाह खंडित झाला, तरी साठवणीतला भाग पुरतो आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. गच्चीवर टाकी असलेल्या घराला नगरपालिकेचे पाणी तासभर गेल्याचे कळत नाही. थेट नळावर अवलंबून असलेल्या बिऱ्हाडाला मात्र ते तत्क्षणी कळते. दूरच्या खेळाडूंशी खेळला जाणारा खेळ हा असा थेट नळ आहे. त्याला पुढचे भरून ठेवता येत नाही, कारण पुढचा क्षण अजून घडायचा असतो. म्हणून जोडणीत सूक्ष्म दोष उत्पन्न झाला, की तो प्रथम खेळणाऱ्या मुलाला जाणवतो. त्याची तक्रार हा नुसता हट्ट नसतो. पुष्कळदा ते एक लक्षण असते. आज जो दोष खेळात दिसतो, तोच उद्या आजीच्या परदेशातील लेकीशी चाललेल्या बोलण्यात किंवा घरून कचेरीचे काम करणाऱ्याच्या बैठकीत दिसणार असतो.

लक्षण खरे असले तरी उपाय मात्र वारंवार चुकतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. याचे कारण असे की, घरातील माणसे ज्याला एका शब्दात 'नेट' म्हणतात, ती एक वस्तू नाही. ते एकापुढे एक जोडलेले तीन दुवे आहेत. पहिला दुवा कन्सोलपासून घरातील राउटरपर्यंतचा. हा बिनतारी असतो. दुसरा राउटरपासून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या जाळ्यापर्यंतचा. हा बहुधा काचतंतूचा, म्हणजे फायबरचा असतो. तिसरा त्या जाळ्यापासून खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरपर्यंतचा. तिन्ही दुवे शाबूत असतील तरच खेळ चालतो. एक तुटला तरी पडद्यावर सूचना सारखीच दिसते. तेव्हा दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावयाचा: तिन्हींपैकी कोणता दुवा तुटला आहे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर खुद्द कन्सोलच देतो. उदाहरणार्थ, प्लेस्टेशन ४ या यंत्राच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क या सदराखाली इंटरनेट जोडणीची चाचणी घेण्याची सोय आहे. त्या चाचणीचे निकाल एकाखाली एक उमटतात. प्रथम यंत्राला पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, मिळाला की नाही. मग इंटरनेट मिळाले की नाही. मग प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये प्रवेश झाला की नाही. खेळाडू बहुधा या ओळी न वाचताच पडदा बंद करतात. वस्तुतः त्या ओळी म्हणजे वर सांगितलेले तीन दुवेच क्रमाने मांडलेले आहेत. पत्ताच मिळाला नसेल, तर दोष कन्सोल आणि राउटर यांच्या दरम्यान आहे. पत्ता मिळाला पण इंटरनेट नाही, तर राउटरच्या पलीकडे पाहावे. ही दोन्ही ठीक असून शेवटचा प्रवेश तेवढा नाकारला जात असेल, तर घरातील एकाही वस्तूला हात लावण्याचे कारण नाही.

या तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत मोठे उदाहरण २०११ सालचे आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात प्लेस्टेशन नेटवर्कवर चोरट्यांनी हल्ला केला आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली. सोनी कंपनीने २० एप्रिलला सेवाच बंद केली, ती टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होण्यास मे महिन्याचा मध्य उजाडला. त्या तीन आठवड्यांत जगातील कोणत्याही घरात राउटर कितीही वेळा बंद-सुरू केला, तरी काडीचा उपयोग नव्हता. अशी प्रदीर्घ बंदी क्वचितच येते. परंतु तासा-दोन तासांचे खंड अधूनमधून पडतात. खेळांच्या कंपन्या आपल्या सेवेची स्थिती सांगणारे पान इंटरनेटवर ठेवतात. मोबाइलवर ते पान पाहण्यास एक मिनिट लागते, आणि त्या एका मिनिटाने संध्याकाळ वाचते.

दुसऱ्या दुव्याची परीक्षा भिंतीवरच्या छोट्या पेटीकडे पाहून होते. फायबर जेथे घरात शिरतो, तेथे कंपनीने ओएनटी नावाची पेटी बसवलेली असते. कित्येक घरी हीच पेटी राउटरचेही काम करते. तिच्यावर एलओएस अशा खुणेचा एक दिवा असतो. तो तांबडा झाला, तर काचतंतूतून येणारा प्रकाशच पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. तंतू कोठे तरी तुटला आहे, टोक सैल झाले आहे, किंवा कपाट सरकवताना तो तीव्र कोनात वाकला आहे. तंतू सरळ करून पाहावा. टोक काढून त्यात डोकावू मात्र नये, कारण तो प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी डोळ्यांवर पडणे इष्ट नव्हे. पुढचे काम कंपनीच्या माणसाचे.

याच दुव्याचे आणखी दोन दोष आपल्याकडच्या घरांत नेहमी आढळतात. एक, वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना जो निमिषमात्र खंड पडतो, तो दिव्यांना जाणवत नाही, पण राउटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि जोडणी पूर्ववत होण्यास मिनिट-दोन मिनिटे जातात. अशा घरी राउटरसाठी स्वतंत्र छोटी बॅटरी पुरते; नवा राउटर घेऊन हा दोष जाणार नाही. दुसरा दोष पैशाचा आहे. पुष्कळ योजनांत महिन्याच्या वापराला मर्यादा असते आणि ती ओलांडली, की वेग एकदम उतरतो. नव्या खेळाचे आकारमान ५० ते १०० गिगाबाइट असणे आता नवलाचे नाही. १०० गिगाबाइटचा खेळ सेकंदाला ४० मेगाबिट वेगाने उतरवण्यास साडेपाच तास लागतात आणि तेवढ्याने मर्यादेचा मोठा लचका तुटतो. महिनाअखेरीस नेट मंदावते आणि नव्या महिन्यात सुधारते, असे दिसले, तर दोष यंत्रात नसून बिलात आहे.

आता पहिला दुवा. घरातील बहुसंख्य तक्रारींचे मूळ येथेच असते. त्याची खात्री करून घेण्याची अगदी साधी कसोटी आहे: एका संध्याकाळपुरती राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅनची केबल टाकावी. ती खोलीतून आडवी जाईल, कोणी तरी तिला अडखळेल, घरातील गृहिणी कुरकुर करील. परंतु एका रात्रीत निकाल लागेल. केबलवर खेळ सुरळीत चालला, तर दोष बिनतारी दुव्यात आहे हे सिद्ध झाले. केबलवरही तो अडला, तर वायफायचा काही अपराध नाही, आणि त्याला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. केबल नसेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून कन्सोल त्याला जोडून पाहावा. त्यावर खेळ चालला, तर निदान कन्सोल निरोगी आहे एवढे ठरते. निन्टेन्डोच्या २०१७ सालच्या मूळ स्विच यंत्राच्या डॉकला केबलसाठी छिद्रच नाही. तेथे यूएसबीवर बसणारा छोटा जोड घ्यावा लागतो. २०२१ च्या ओएलईडी आवृत्तीच्या डॉकला ती सोय आहे.

बिनतारी दुव्यात दोष आहे असे ठरल्यावर लहरींचा स्वभाव समजून घेणे प्राप्त होते. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत्-लहरी भिंतींतून पार करून दूरच्या खोलीतील घंटा वाजवून दाखवली, तेव्हा पाहणारे चकित झाले. भिंत अडवते आणि लहर तरीही पलीकडे जाते, हे आश्चर्य तेव्हाचे. आज तीच लहर भिंतीपलीकडे पुरेशी पोहोचत नाही, ही तक्रार आहे. भिंत लहरीला थांबवत नाही, पण तिच्याकडून जकात मात्र वसूल करते. ती जकात किती, हे भिंत कशाची आहे यावर आणि लहर कोणती आहे यावर अवलंबून असते.

घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते: एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसरीची सुमारे सहा सेंटिमीटर. लांब लहर भिंतींतून अधिक चांगली जाते, पण तिचा पट्टा अरुंद आणि गर्दीचा आहे. आखूड लहर पुष्कळ माहिती वाहते, तिच्या पट्ट्यात जागाही ऐसपैस आहे, पण भिंतीपुढे ती लवकर थकते. म्हणून राउटर आणि कन्सोल एकाच खोलीत असतील, तर ५ गिगाहर्ट्झ पसंत करावे; मध्ये दोन भिंती असतील, तर कदाचित २.४ च बरे. येथे एक खुबी ध्यानात ठेवावी. २०१३ साली आलेला मूळ प्लेस्टेशन ४ फक्त २.४ गिगाहर्ट्झच जाणतो. ५ गिगाहर्ट्झचे नाव त्याच्या यादीत कधी दिसतच नाही. २०१६ च्या स्लिम आणि प्रो या आवृत्त्यांना दोन्ही पट्टे कळतात. जुना कन्सोल असलेल्या घरी केवळ ५ गिगाहर्ट्झच्या मोहाने महाग राउटर आणला, तर त्या कन्सोलच्या पदरी त्यातले काही पडत नाही. तसेच नव्या राउटरवर डब्ल्यूपीए-३ ही एकच सुरक्षापद्धती निवडली असेल, तर जुनी यंत्रे परवलीचा शब्द बरोबर असूनही बाहेरच राहतात. तेथे डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ अशी मिश्र पद्धती निवडावी.

२.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीचे कारण कायद्यात आहे. पूर्वी घरी रेडिओ ठेवण्यासही पोस्टातून परवाना काढावा लागे. भारत सरकारने २००५ साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त केला आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग खुला केला. त्यामुळे वायफाय घरोघर पोहोचले. परंतु जेथे परवाना लागत नाही, तेथे हक्कही सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या राउटरने अडथळा आणला, तर दाद मागण्याची सोय नाही. वाट काढणे एवढेच हाती उरते. या पट्ट्यातील वाटांना चॅनेल म्हणतात. त्या पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आखलेल्या आहेत, पण प्रत्येक राउटर जागा अडवतो वीस मेगाहर्ट्झची. म्हणून शेजारशेजारच्या वाटा एकमेकींवर चढतात. परस्परांना धक्का न लागता चालता येईल अशा नेहमी वापरल्या जाणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. चाळीतील किंवा वसाहतीतील घरांत मोबाइलवरच्या एखाद्या साध्या अ‍ॅपने कोणती वाट मोकळी आहे ते पाहावे आणि राउटरला त्या वाटेवर बसवावे. या पट्ट्यात रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केली, तर वेगाच्या लोभाने दोन वाटा अडवल्यासारखे होऊन गर्दी वाढते.

शेजारी निर्दोष असला, तरी खुद्द घरात प्रतिस्पर्धी असतात. मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्यातून निसटणारी अत्यल्प ऊर्जा माणसाला अपायकारक नसते. पण वायफायच्या क्षीण लहरीत गोंधळ माजवण्यास ती पुरते. रोज रात्री आठच्या सुमारास जेवण गरम करताना खेळ अडत असेल, तर योगायोग समजू नये. ब्लूटूथची यंत्रेही याच पट्ट्यात बोलतात. यूएसबी ३.० च्या जोडणीतून आणि केबलमधूनही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली एका निबंधात दाखवून दिले आहे. तेव्हा खेळ साठवण्याची बाहेरची हार्ड डिस्क कन्सोलला अगदी चिकटून ठेवलेली असेल, तर ती हातभर दूर सरकवून पाहावी. यास काही खर्च नाही.

राउटरची जागा हा तर बहुतेक घरांत कोणी विचारच न केलेला विषय असतो. केबल ओढणाऱ्या माणसाला जेथे भोक पाडणे सोपे गेले, तेथे राउटर बसतो: दाराच्या चौकटीवर, माळ्यावर, शोकेसच्या काचेआड, नाही तर लोखंडी कपाटाच्या मागे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले, की लहरीची शक्ती चौथाईवर येते. त्यात भिंतीची जकात निराळी. गोव्यातील चिऱ्याच्या जाड भिंती, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुने दगडी वाडे, बडोदे-इंदुरातील जुनी विटांची घरे, ही उन्हाळ्यात थंडावा देतात. पण उष्णता अडवणारी तीच जाडी लहरींचेही बळ हरण करते. पावसाळ्यात भिंत ओल धरते, आणि पाणी लहरी शोषून घेणारे असल्याने तो अडथळा वाढतो. आरशाच्या पाठीवरचा धातूचा मुलामा आणि लोखंडी पत्रा लहरी परतवून लावतो. माशांची काचपेटी त्या पिऊन टाकते. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, मोकळ्यावर असावा. कन्सोलही टीव्हीच्या मागे कोंबून न ठेवता किंचित पुढे आणावा. अशा घरात एकच शक्तिमान राउटर आणण्यापेक्षा माजघराच्या अलीकडे-पलीकडे दोन लहान बिंदू केबलने जोडणे अधिक गुणकारी ठरते.

काही वेळा खेळ चालतो, पण मित्राचा आवाज तेवढा ऐकू येत नाही, किंवा विशिष्ट सोबत्यांशी जोडणी जमत नाही. हा दोष लहरींचा नसून पत्त्याचा आहे. जुन्या पेठेतील वाड्याला घरक्रमांक एकच असतो आणि आत आठ बिऱ्हाडे राहतात. बाहेरून आलेले पत्र कोणाचे, हे दारावरच्या माणसाने ठरवायचे. राउटर हे काम करतो, आणि त्या व्यवस्थेस नॅट म्हणतात. कंपनीच्या पेटीमागे घरच्यांनी आपला दुसरा राउटर जोडला, की दारावर दोन माणसे उभी राहतात आणि पत्र मध्येच अडते. प्लेस्टेशनच्या चाचणीत नॅटचा 'टाइप ३' असा निकाल आला, तर ही शंका प्रथम घ्यावी आणि दुसरा राउटर केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवावा. तथापि एवढ्याने भागतेच असे नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे पुष्कळ कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर घर अशा सामाईक दारामागे आहे असे समजावे. मग राउटरमधील कोणतीही कळ फिरवून उपयोग नाही; कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागणे, हाच मार्ग उरतो.

आणखी एक गोष्ट कोणत्याही कळीने साधत नाही, ती म्हणजे अंतर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे तेथील सर्व्हरवर खेळ असेल, तर संदेश जाऊन परत येण्यास किमान ३९ मिलिसेकंद, अर्थात् सेकंदाच्या हजारातील ३९ भाग, लागणारच. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते, त्यामुळे अधिकच. खेळाला माहितीचे प्रमाण थोडे लागते. सेकंदाला तीन ते पाच मेगाबिट पुरतात. त्याला हवी असते तत्परता आणि नियमितपणा. म्हणून १०० ची योजना सोडून ३०० ची घेतली, तरी विलंब तसाच राहिल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. त्यापेक्षा खेळात जवळचा सर्व्हर निवडणे, आणि त्या तासापुरते घरातील फोनवरून छायाचित्रांचे आपोआप वर चढणे थांबवणे, यांचा गुण अधिक येतो. डीएनएसचे आकडे बदलण्याची शिफारसही फार ऐकू येते. डीएनएस ही केवळ नाव-पत्त्यांची वही आहे. ती वही मिळेनाशी झाली असेल, तर बदलून लाभ होतो; रस्ता खराब असेल, तर वही बदलून रस्ता सुधारत नाही.

उतावळेपणाने केलेले उपाय निष्फळ होतात एवढेच नव्हे, ते घात करतात. राउटरच्या पाठीवर सुई जाईल एवढे छिद्र असते. ते बंद-सुरू करण्याचे बटण नव्हे. त्यात टाचणी खुपसून दाबून धरली, की राउटरमधील सर्व जुळणी पुसली जाते. कंपनीने दिलेले नाव आणि परवलीचा शब्द त्यात साठवलेला असेल, तर तोही जातो; मग एकट्या मुलाचा खेळ नव्हे, तर साऱ्या घराचे काम, ताईची परीक्षा, बाबांची बैठक, सारेच ठप्प होते. दुसरा धोका मोठा आहे. कंपनीचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधला, तर भामट्यांनी पेरलेला क्रमांक हाती लागू शकतो. पलीकडचा गोड बोलतो, मोबाइलवर दुरून ताबा घेणारे अ‍ॅप घालावयास सांगतो, आणि मग ओटीपी मागतो. खरा तंत्रज्ञ जोडणी दुरुस्त करण्यासाठी बँकेचा ओटीपी कधीच मागत नाही. क्रमांक बिलावरचाच घ्यावा. आणि फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. तिसरा धोका म्हणजे नॅटच्या त्रासाला कंटाळून राउटरमधील डीएमझेड ही सोय बिनदिक्कत चालू करणे. बाहेरून आलेली प्रत्येक हाक मग त्यात नोंदलेल्या यंत्रावर थेट जाते. कन्सोलऐवजी चुकून संगणकाचा पत्ता तेथे पडला, तर तिजोरीचे दार रस्त्यावर उघडल्यासारखे होते.

या साऱ्याचा उपयोग व्हावयाचा, तर एक शिस्त पाळावी लागते: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय झाले ते लिहून ठेवावे. प्रथम ओएनटी आणि राउटर बंद करून मिनिटभराने सुरू करावेत, दिवे स्थिर झाल्यावर कन्सोल, आणि तोही विश्रांतीच्या अवस्थेत न ठेवता पुरता बंद करून, पुन्हा लावावा. एवढ्याने दोष कायमचा गेला, तर उत्तमच. पण रोज हेच करावे लागत असेल, तर तो उपाय नसून दोषाची पुनरावृत्ती आहे. राउटर हलवला, चॅनेल बदलला आणि डीएनएसही बदलला, आणि नेट सुधारले, तर कशाने सुधारले ते कधीच कळत नाही. पुन्हा बिघडले, की सारे नव्याने. त्याऐवजी शाळेच्या जुन्या वहीत तारीख, वेळ, चाचणीच्या ओळी आणि केलेला एक बदल, एवढे लिहावे. आठवडाभरात वहीत आकृती उमटते: दोष ठराविक वेळी येतो, की वीज गेल्यावर, की महिनाअखेरीस, की केवळ एकाच खेळात.

अशी वही हाती असलेल्या घराची तक्रार कंपनीलाही सहजी झटकता येत नाही. "नेट नीट चालत नाही" या वाक्याला "आमच्याकडून ठीक दिसते आहे" हे ठरलेले उत्तर असते. परंतु "केबलवरही गेले सहा दिवस रात्री नऊ ते साडेदहा जोडणी तुटते, तारखा अशा," असे सांगितल्यावर ते उत्तर देणाऱ्यास अवघड जाते. आणि ही वही मुलाने ठेवावी, वडिलांनी फक्त ती वाचावी, हे अधिक चांगले. ज्या मुलाने स्वतः दोष शोधला, तो पुढे आजीचा व्हिडिओ अडकला, तर "नेट गेलं" म्हणून थांबत नाही. कोणता दुवा, असे विचारतो. वडिलांनाही मुलाच्या तक्रारीत काही तथ्य असू शकते, हे कागदावर दिसते.

मात्र चाचणीच्या पहिल्या दोन ओळी ठीक आल्या, तिसरीच नापास झाली, आणि कंपनीच्या पानावरही सेवा बंद असल्याचे कळले, तर त्या रात्री वहीत तेवढी एक ओळ लिहून कन्सोल बंद करावा आणि सर्वांनी वेळेवर जेवायला बसावे.